एका शून्यात ११ वर्षं: स्वस्त पीसी घेताना चिपसेट का बघायचा

आमच्या दाजींचं पंचवटीत छोटंसं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले असलं सगळं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून त्यांच्या जुन्या पीसीवर रोज एक मेसेज यायला लागला, तुमचा पीसी विंडोज ११ ला चालणार नाही म्हणून. मग काय, दाजी गेले आणि एक कोटेशन घेऊन आले. आय५, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, एच६१ बोर्ड, कॅबिनेट, कीबोर्ड माउस, सगळं मिळून १४,५०० रुपये.

दाजी खूश. म्हणाले, "अरे तो यूट्यूबवाला सांगतो ना एच६१० बोर्ड घ्या, तोच आहे बघ, आणि स्वस्तात बसतोय."

म्हटलं, "दाजी, शून्य कुठंय?"

एच६१ हा इंटेलचा २०११ चा चिपसेट आणि एच६१० आला २०२२ ला. मध्ये ११ वर्षं. कागदावर फक्त एक शून्य. आणि दुकानदार खोटंही बोलला नव्हता, त्याने एच६१ च लिहिलं होतं, आपणच मनातल्या मनात शून्य लावून घेतलं. त्या दिवशी दाजींना जे समजावत बसलो तेच इथे लिहितोय, कारण कोटेशनवर प्रोसेसर मोठ्या अक्षरात असतो, रॅम असते, एसएसडी असते, आणि बोर्डाच्या पुढे कधी नुसतंच "मदरबोर्ड" असतं नाहीतर असलं काहीतरी अर्धवट.

चिपसेट म्हणजे नेमकं काय

मदरबोर्ड म्हणजे ती मोठी हिरवी-काळी प्लेट ज्यावर सगळं बसतं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्या प्लेटवर प्रोसेसर सोडून अजून एक चिप असते, बहुतेक वेळा एखाद्या छोट्या हीटसिंकखाली लपलेली, तो चिपसेट. यूएसबी, हार्ड डिस्क, इंटरनेटची वायर, साउंड, छोटे कार्डाचे स्लॉट, या सगळ्यांचा कारभार तो बघतो.

पूर्वी अशा दोन चिप असायच्या. एक रॅम आणि ग्राफिक्स सांभाळायची, दुसरी बाकीची किरकोळ कामं. नंतर पहिलीचं काम प्रोसेसरच्याच पोटात गेलं आणि एकच चिप उरली. त्यामुळे आता चिपसेट बदलला म्हणून एक्सेल काही जास्त जोरात उघडत नाही. तुमच्या पीसीला किती आणि कसली दारं आहेत, ते मात्र चिपसेटच ठरवतो. आणि ती दारं नंतर वाढवता येत नाहीत, रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, पण चिपसेट बोर्डाला सोल्डर केलेला असतो, तो बदलायचा म्हणजे बोर्डच बदलायचा.

द्वारका चौक आणि वरचा फ्लायओव्हर

नाशिकच्या माणसाला हे समजवायला द्वारकेसारखी जागा नाही. मुंबईहून आग्र्याकडे जाणारी गाडी वरच्या फ्लायओव्हरने सरळ निघून जाते, तिला खाली काय चाललंय याचं काही देणंघेणं नसतं. आणि आपण नाशिकरोडहून येणारे, जुन्या नाशकात जाणारे, रिक्षा, सिटी बस, सगळे खाली चौकात एकमेकांच्या अंगावर.

पीसीत तसंच आहे. रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचा मोठा स्लॉट हे प्रोसेसरला थेट जोडलेले, ते फ्लायओव्हरवाले. बाकी यूएसबी, हार्ड डिस्क, नेट, हे सगळे आधी चिपसेटमध्ये येतात आणि तिथून एकाच रस्त्याने प्रोसेसरकडे जातात. या सगळ्या रस्त्यांवरच्या एकेका पट्ट्याला लेन म्हणतात. बोर्ड भारी असला की लेन जास्त, स्वस्त असला की कमी.

एच६१० मध्ये एक काटकसर अशी की एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी फास्ट एसएसडी, तिलाही खालच्या चौकातूनच यावं लागतं. बी६६० किंवा बी७६० या त्याच्या वरच्या चिपसेटवर तिच्यासाठी एक स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला मिळतो. आकड्यात बोलायचं तर एच६१० वर ती सेकंदाला साधारण ३,५०० एमबीपर्यंत जाते आणि बी७६० वर चांगली चौथ्या पिढीची एसएसडी लावली तर ७,००० पर्यंत. आता फरक वाचायला दुप्पट वाटतो, पण फॉर्म भरणे, टॅली, ऑनलाइन क्लास असल्या कामात तो जाणवत पण नाही. रोज मोठमोठे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने त्याचा विचार करावा, बाकीच्यांनी सोडून द्यावं. खरी द्वारका तुंबते तशी घरच्या पीसीतली तुंबत नाही.

नाव कसं वाचायचं

इंटेलमध्ये सुरुवातीचं अक्षर म्हणजे दर्जा. एच६१०, एच८१० मधला एच सगळ्यात स्वस्त, बी मधला, झेड सगळ्यात वरचा. पुढचा आकडा म्हणजे पिढी. ६०० आणि ७०० वाले, म्हणजे एच६१०, बी६६०, बी७६०, झेड७९०, हे एलजीए १७०० सॉकेटचे, सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, त्यावर १२ व्या, १३ व्या, १४ व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. ८०० वाले त्यापुढच्या नव्या सॉकेटचे. एएमडीत, म्हणजे इंटेलसारख्याच प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत, ए स्वस्त, बी मधला, एक्स वरचा.

पण आकडा मोठा म्हणजे बोर्ड भारी असं धरून चालू नका, एएमडीचा बी८४० हा बी६५० पेक्षा नवा आहे पण बी६५० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो, आणि बी८४० वर नाही येत. ही नावं कोण ठेवतं आणि का असा प्रश्न मला कायम पडतो. असो.

"प्रोसेसर आय५ आहे ना, मग बोर्ड कुठलाही चालेल"

हे मी स्वतः म्हटलेलं वाक्य आहे म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरातल्याच एका दुकानातून मी असाच "आय५, नवीन बोर्ड" वाला पीसी घेतला होता. बोर्ड होता एच६१. बोर्ड नवा कोरा, डब्यातून काढलेला, पण त्यावरचा चिपसेट २०११ च्या जमान्यातला आणि डब्यावर कुठल्यातरी कधी न ऐकलेल्या कंपनीचं नाव. आय५ पण खरा होता, फक्त तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ चा. आय५ हे आडनाव समजा. आडनावावरून वय कळत नाही, पुढचा आकडा बघावा लागतो. १२४०० असेल तर १२ वी पिढी, ३४७० असेल तर तिसरी.

चालायला तसा चांगला चालायचा. मग बहिणीच्या लग्नाचे फोटो आले, ४० जीबी, फोटोग्राफरने पोर्टेबल हार्ड डिस्कवर दिले. कॅबिनेटच्या पुढे मस्त निळा यूएसबी ३ चा पोर्ट होता, त्यात लावायला गेलो तर काहीच होईना. कॅबिनेट उघडलं तर त्या पोर्टची जाड निळी वायर आत नुसती लोंबकळत होती, टाय मारून ठेवलेली, कारण एच६१ चिपसेटमध्ये यूएसबी ३ नाहीच आणि ती वायर लावायला त्या बोर्डावर जागाच नव्हती. मग मागच्या यूएसबी २ ला लावली, सेकंदाला ३० एमबीच्या आसपास, बावीस तेवीस मिनिटं बसून राहिलो. यूएसबी ३ असतं तर तीच डिस्क सहा सात मिनिटांत झाली असती. आणि एसएसडी मी सेकंदाला ५०० एमबीवाली घेतली होती, पण एच६१ चा साटा, म्हणजे हार्ड डिस्क लावायचा पोर्ट, जुना, अर्ध्या स्पीडचा, त्यामुळे तिथंही निम्मे पैसे पाण्यात.

दाजींसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विंडोज ११ ला नियमाप्रमाणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. एच६१ वर फक्त दुसरी तिसरी पिढी बसते. म्हणजे ज्या कारणासाठी नवा पीसी घ्यायचा तेच कारण नव्या पीसीत जसंच्या तसं. दुकानदार विंडोज ११ कशीतरी टाकून देतात, आडमार्गाने होते ती, पण मायक्रोसॉफ्ट अशा पीसीच्या अपडेटची जबाबदारी घेत नाही. ज्या दुकानात लोकांचे आधार आणि पासबुक उघडले जातात तिथं हा आडमार्ग नको.

दुकानात यूएसबी किती लागतात, मोजा

दाजींना म्हटलं बोटं मोजा. कीबोर्ड, माउस, दोन प्रिंटर, स्कॅनर, हयातीच्या दाखल्याचं थंब मशीन, वेबकॅम. सात झाले. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आठवा. वायफायचा डोंगल नववा, कारण स्वस्त बोर्डात बहुतेक वायफाय नसतंच.

स्वस्त बोर्डाच्या मागे बहुतेक वेळा सहा यूएसबी असतात. पुढचे दोन कॅबिनेटचे. म्हणजे आठ, आणि दाजींना नऊ हवेत. यावर हब लावतात लोक, पण थंब मशीन हबवर लावलं की मधेच "डिव्हाइस नॉट फाउंड" आणि समोर ऐंशी वर्षांच्या आजी अंगठा धरून बसलेल्या. म्हणून थंब मशीन आणि प्रिंटर थेट बोर्डाला, कीबोर्ड माउस हबला चालतात. किंवा इंटरनेट वायरने घ्या, स्वस्त बोर्डातला नेटचा पोर्ट पण १ जीबीपीएसचा असतो, घरच्या दुकानच्या फायबरला तो उरून पुरतो, आणि डोंगलचा एक पोर्ट वाचतो.

चिपसेट जास्तीत जास्त किती देऊ शकतो हे एक आणि कंपनीने बोर्डावर खरंच किती लावलेत हे वेगळं. एच६१० चे दोन बोर्ड शेजारी ठेवले तरी एकाला एम डॉट २ स्लॉट, म्हणजे ती पट्टीएवढी एसएसडी बसवायची जागा, असेल, एकाला नसेल. म्हणून चिपसेट बघून झाला की बोर्डाच्या मागच्या पट्टीचा फोटो बघायचा, कंपनीच्या साइटवर असतो.

गल्लीतली डीपी

आता एक गोष्ट जी कोटेशनवर कधीच नसते. एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, तो बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात जेमतेम १ ते १.३ व्होल्ट. मधलं काम बोर्डावरचं एक सर्किट करतं, त्याला व्हीआरएम म्हणतात. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी छोटे छोटे चौकोनी ठोकळे रांगेत दिसतात ना, ते त्यातलेच.

ही आपल्या गल्लीतली डीपी आहे असं समजा. वरून हाय व्होल्टेज येतं, डीपी ते घरात चालेल एवढं करते. आणि मे महिन्यात गल्लीत चार नवे एसी लागले की तीच डीपी रात्री साडेदहाला ढाप्प करून उडते. व्हीआरएमचं तसंच. आय५ १२४०० पूर्ण जोरात असताना ११७ वॅटपर्यंत खातो. सव्वा व्होल्टला ११७ वॅट म्हणजे जवळजवळ १०० अँपिअर. तुमच्या घराच्या मेन एमसीबीवर बघा, बहुतेक ३२ लिहिलेलं असेल, ते अँपिअर. म्हणजे घराच्या मेनमधून जेवढा जातो त्याच्या तिप्पट करंट तळहाताएवढ्या जागेतून, व्होल्टेज कमी म्हणून तो झटका देत नाही, पण गरम मात्र करतो.

आय३ १२१०० चा जोर ८९ वॅटपर्यंत, त्याला साधी डीपी पुरते. आय५ १२४०० पण बऱ्या एच६१० वर आरामात चालतो. पण आय७ १२७०० च्या डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो १८० पर्यंत जातो, आणि स्वस्त एच६१० वर त्याला बसवलं की थोड्या वेळात व्हीआरएम तापतो, बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो, आणि तुम्ही आय७ चे पैसे देऊन आय५ वापरत बसता. सॉकेटमध्ये बसतो म्हणजे झेपतो असं नाही. व्हीआरएमवर जाड अॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे का ते बघा, नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही आणि दुकानाला पत्रा असेल तर विचारूच नका.

रॅमचे भाव आणि चार हा आकडा

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि चिप बनवणाऱ्यांनी तिकडे माल वळवला, त्याचा चटका आपल्याला. त्यामुळे बोर्ड निवडताना आता रॅमपासून सुरुवात करावी लागते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या जुन्या नव्या पिढ्या, एच६१० डीडीआर४ चा पण मिळतो आणि डीडीआर५ चा पण, दोन्हीची खाच वेगळ्या जागी, एकाची काडी दुसऱ्यात बसत नाही. घरी जुन्या पीसीतल्या डीडीआर४ च्या चांगल्या काड्या पडल्या असतील तर डोळे झाकून डीडीआर४ चा बोर्ड घ्या. बोर्डाच्या नावात शेवटी बऱ्याचदा डी४ लिहिलेलं असतं, ते बिलावर पण यायला हवं.

एच६१० वर स्लॉट दोनच. आठ जीबीच्या दोन काड्या टाकल्या तर काम दुहेरी चालतं, बँकेत एका ऐवजी दोन काउंटर उघडल्यासारखं, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक चांगला जाणवतो. सोळाची एकच काडी टाकली तर पुढे वाढवायला जागा राहते. दुकानाच्या कामाला मी एकच सोळाची सुचवली, पोरगा गेम खेळणार असता तर दोन आठच्या सांगितल्या असत्या. आणि ३६०० स्पीडची डीडीआर४ काडी एच६१० वर ३२०० वरच चालते, ते वरचे पैसे देऊ नका.

"मग सरळ बी७६० च घेतो ना"

घ्या, पण कशासाठी ते आधी सांगा. बी७६० मध्ये जास्त लेन, बहुतेक बोर्डांवर चार रॅम स्लॉट, दोन तीन एम डॉट २, रॅम जास्त वेगाने चालवायची सोय. प्रोसेसर ओव्हरक्लॉक तिथंही होत नाही, तो फक्त झेडवर. व्हिडिओ एडिटिंग, मोठं ग्राफिक्स कार्ड, आय७, यातलं काही डोक्यात असेल तर बी७६० योग्य. नसेल तर ते चार पाच हजार यूपीएसमध्ये घाला, पंचवटीत लाइट जाते तेव्हा चिपसेट काही कामाला येत नाही. आणि बोर्डावर लाल निळे दिवे, "गेमिंग" असं चांदीच्या अक्षरात लिहिलेलं, त्याने काही होत नाही, एच६१० वर गेमिंग लिहिलं तरी तो एच६१० च.

एएमडी घेतला तर? रायझन ५ ५६००जी आणि ए५२० बोर्ड ही जोडी दुकानाच्या कामाला एकदम चांगली, ग्राफिक्सही इंटेलच्या आय३ पेक्षा बरं. फक्त एएम४ सॉकेट आता जुना झालाय, २०१७ च्या पहिल्या रायझनपासूनचा. नवा एएम५ पुढे बरीच वर्षं चालेल, एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही त्याला सपोर्ट देऊ असं सांगितलंय, पण त्याला डीडीआर५ च लागते आणि सध्याच्या रॅमच्या भावात तिथंच बजेट कोलमडतं.

अजून एक, प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. बोर्डाला एचडीएमआय पोर्ट दिसतो, आपण वायर लावतो, आणि स्क्रीन काळी ती काळीच. पोर्ट बोर्डाचा, पण चित्र प्रोसेसर काढतो. हजार बाराशे वाचवायला एफ घेतला आणि मग चार हजाराचं ग्राफिक्स कार्ड शोधत फिरला असा एक माझा मित्र आहे.

आणि जुनाच पीसी चालला तर?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता खरं तर. विंडोज ११ चालत नाही म्हणून मेसेज आला की लोक सरळ नवीन घ्यायला निघतात, पण कित्येकदा प्रोसेसर आठव्या पिढीचा असतो आणि फक्त टीपीएम बंद असतो. टीपीएम म्हणजे पासवर्डच्या किल्ल्या ठेवायची तिजोरी, आजकाल ती प्रोसेसर आणि चिपसेटमध्येच असते, बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना डिलीट दाबून जी सेटिंग उघडते तिथं, चालू करावी लागते. इंटेलमध्ये पीटीटी नावाने सापडेल, एएमडीत एफटीपीएम. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट अॅप आहे, ते नेमकं काय अडलंय ते सांगतं. दाजींचं चालवून बघितलं, प्रोसेसरच चौथ्या पिढीचा निघाला, तिथं विषय संपला.

तेराव्या चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेणार असाल तर दुकानातच एकदा चालू करून दाखवायला सांगा. एच६१० बोर्ड बाराव्या पिढीच्या वेळचा आहे, बरेच दिवस पडून राहिलेला पीस असेल तर त्याचा बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, आणि तो अपडेट करायला बहुतेक वेळा आधी एक जुना प्रोसेसर लागतो जो आपल्याकडे नसतो. दुकानदाराकडे असतो.

शेवटी शनिवारी दाजींना घेऊन कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात गेलो. कोटेशन सांगितलं, आय३ १२१००, एफ नको, एच६१० डीडीआर४, एम डॉट २ असलेला, मागे सहा यूएसबी, सोळाची एक काडी. पहिल्या कोटेशनपेक्षा बरेच जास्त झाले, दाजी दोन मिनिटं गप्प बसले, मग चहा आला, मग म्हणाले, थंब मशीन नीट चालेल ना तेवढं बघ. चालवून बघितलं, चाललं. दुकानदाराने बिल लिहायला घेतलं. दाजी त्याच्या टेबलावर वाकून उभे, म्हणाले बोर्डाचं पूर्ण नाव टाका, सिरियल नंबर टाका, तीन वर्षं वॉरंटी लिहा. त्याने एच६१० लिहिलं. दाजींनी पेन मागून घेतलं आणि शेवटचं शून्य दोनदा गिरवलं.